सामाईक सडा

"यंदा गवरीक तिया येवक होया," दादा म्हणाला आणि हातातली पिशवी त्याने माझ्यापुढे सरकवली. "आणि एकटी नको. जावयांकय घेवन ये."

मी अळूची पानं चिरत बसले होते. हात पुसून पिशवी उघडली, तर आत मोरपंखी साडी. भारीतली. माझं लग्न होऊन विसाच्या वर वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत विश्रामदादा मला बोलवायला स्वतः कधी आला नव्हता. फोन यायचा, कधी तोही नाही. आई गेल्यापासून तर मी गवरीला जायचंही सोडलं होतं. म्हणून मी हरखले. चहा केला, खोबऱ्याच्या वड्या दिल्या, आणि तो निघाला तेव्हा उगाचच फाटकापर्यंत पोचवायला गेले.

परत आले तर आमचे हे खुर्चीत बसून हसत होते. हे एस.टी.त कंडक्टर. माणसाचा चेहरा बघून तो कुठे उतरणार ते सांगणारे.

"तुझ्या भावाचा कायतरी काम आसा."

"तुमका सगळ्यात कामच दिसता."

"बरा," म्हणाले.

माझं माहेर कासरवळ. देवगडच्या बाजूला. गावामागे मोठा सडा आहे. सडा म्हणजे उघड्या कातळाचं पठार. झाड नाही, घर नाही, वारा मात्र भरपूर. आमच्या साटम भावकीचा तो सामाईक. कोणाचा कुठला तुकडा हे कधी कोणी ठरवलं नाही, कारण ठरवण्यासारखं तिथे काही आहे असं कोणाला वाटलं नाही. सड्याच्या पायथ्याला सगळीकडून गावं. एका बाजूला कासरवळ, पलीकडे माझं सासर बागमळे, खालच्या अंगाला पोयनाळ, आणखी दोन-तीन. आमच्या मुली याच गावांत दिल्या जायच्या. सड्याच्या या कडेवरून त्या कडेला, एवढंच काय ते अंतर.

गवरीच्या दिवशी मी नवी साडी नेसून ह्यांच्याबरोबर गेले. घर भरलं होतं. मुंबईहून सगळे चाकरमानी आलेले. सुनंदा वयनीने, दादाच्या बायकोने, पाच भाज्या केल्या होत्या. जेवणं झाली, आणि दादाने मला पडवीत हाक मारली. तिथे एक अनोळखी माणूस बसला होता, पांढऱ्या शर्टातला, घाटावरचा. दादा त्याला मुळीकसाहेब म्हणत होता.

"ताई, फक्त इथं, इथं आणि इथं," मुळीकने कागद माझ्यासमोर धरले.

"कसल्यार सही?"

"सड्याच्या कागदार," दादा म्हणाला. "भावकीतल्या सगळ्या पुरुषांनी केल्यानी. चेडवांची, लेकीबाळींची, तेवढी रवली. बाबा गेल्यार तुमची नावां लागली ना वारस म्हणान, म्हणून."

"आणि सड्यार काय करतले?"

"चिरेखाण," मुळीक म्हणाला. "मशीनने कापलेले चिरे, घरांच्या भिंतींना. हल्ली मागणी फार आहे. तिथं तसं आहे काय ताई? नुसता कातळ. पडीक."

मी म्हटलं, "मी एकदा बघून येतंय."

पडवीतले सगळे हसले. दादाही हसला. "काय बघतलंस गो? कातळ?"

"होय. कातळ."

खरं सांगायचं तर माझ्या मनात तेव्हा काही नव्हतं. जेवण जड झालं होतं आणि कितीतरी वर्षांत वर गेले नव्हते. साडीचा पदर खोचला, छत्री घेतली आणि घाटीचा चढ चढून वर गेले.

भाद्रपदातला सडा ज्याने पाहिला नाही त्याला कसं सांगू? उन्हाळ्यात पाय भाजणारा तोच काळा कातळ, पण आता पाय ठेवायला जागा शोधावी लागत होती. सोनकीचा पिवळा पट्टा, त्याच्या कडेला तेरडा, पाणथळ खोलग्यात सीतेची आसवं, निळी-जांभळी, वाऱ्यावर सगळी एकदम मान वळवणारी. गेंदाची पांढरी बटणं. चंडोल वर आभाळात चढत गात होता, दिसत नव्हता. लहानपणी आम्ही इथे गुरं घेऊन यायचो. मी चालत चालत रेड्याच्या कोंडीकडे निघाले. ती कोंड म्हणजे कातळातलं मोठं तळं. पावसात भरायचं ते शिमग्यापर्यंत आटायचं नाही. तिथेच विश्रामदादाने मला पोहायला शिकवलं होतं. पोटाखाली हात धरून म्हणायचा, "बुडतलंस नाय, मी आसय."

कोंडीत पाणी नव्हतं.

आधी मला वाटलं, वाट चुकले. मग कड दिसली. कडेचा कातळ फोडून बाजूला एक चौकोनी खड्डा कापला होता, भिंतीसारखा सरळ, नमुन्यासाठी. कोंडीतलं सगळं पाणी त्या फटीतून निघून गेलं होतं. तळाला लाल चिखल. चिखलात बेडकांची पिल्लं, शेपट्या अजून गळल्या नव्हत्या अशी, एकमेकांवर पडलेली. काही हलत होती. कुर्ल्या कडेच्या भेगांत शिरायला बघत होत्या. मी छत्री टाकली आणि ओंजळी भरभरून ती पिल्लं शेजारच्या खोलग्यात नेऊन टाकू लागले. नव्या साडीचा पार चिखल झाला. किती वेळ तसं करत होते माहीत नाही. मग लक्षात आलं, असं करून व्हायचं नाही. उठले आणि खाली आले.

पडवीत तशीच गेले. कागद अजून तिथेच होते.

"मी सही करूचंय नाय."

कोणाला आधी कळलंच नाही. दादा माझ्या साडीकडे बघत होता. "पडलंस काय खय?"

"रेड्याची कोंड फोडली तुम्ही."

"नमुनो काढल्यानी. तेका काय झाला?"

"दादा, तिया माका थय पोहूक शिकवलंस."

मग त्याचा चेहरा बदलला. "मगे? पोहून पोट भरता? माझो झील, तुझो भाचो, मुंबयत एका खोलयेत चौघांवांगडा झोपता. आंबो तीन वरसां धरूक नाय. ह्या कातळान आजपर्यंत आमका काय दिल्यान ता सांग."

"पाणी दिल्यान. खालच्या सगळ्या गावांच्या झऱ्यांक खयसून येता पाणी?"

"तुका इतक्या कधीपासून कळूक लागला?" मुंबईचा एक चुलतभाऊ मध्ये म्हणाला. "आणि नलू, वायच बघ. चेडवांक कसलो सडो? चेडू गेला की गेला."

"मगे चेडवांची सही कित्याक होयी?"

मुळीकने कागद हळूच आपल्याकडे ओढले. सुनंदा वयनी माजघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिने खाली पाहिलं.

आम्ही विसर्जनाला थांबलो नाही. वाटेत हे म्हणाले, "बरा केलंस. पण तुझा माहेर गेला, ह्या समजून ऱ्हव." घरी पोचेपर्यंत रडले, आणि घरी पोचल्यावर साडी धुवायला टाकली.

दुसऱ्या दिवशी मी पोयनाळला गेले. तिथे प्रभाक्का, माझी चुलतबहीण, आमच्या सगळ्यांत थोरली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. नारळ सोलायचा कोयता हातात घेऊन बोलायची तिची सवय होती, त्यामुळे तिच्याशी कोणी फारसं वाद घालत नसे. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग उठली आणि मला घरामागच्या झऱ्यावर घेऊन गेली. दगडी नळीतून पाणी पडत होतं. लाल.

"गवरीच्या आधीपासून असा येता," ती म्हणाली. "मी म्हटलंय, डोंगराक कायतरी झाला. माझ्या भावांनीच केल्यानी ह्या ठावक नव्हता." मग म्हणाली, "माका सुद्धा बोलावणा होता. माझे पाय दुकतत म्हणान गेलंय नाय. बरा झाला."

"आता काय करूचा अक्का?"

"एकटेन अडवलंस तर तुका येडी ठरवतले. सगळ्यांनी अडवल्यानी तर वायच इचार करतले."

आणि आम्ही निघालो. त्या दिवसांत मी जेवढी चालले तेवढी आयुष्यात चालले नसेन. साटमांच्या लेकी कुठे कुठे दिल्या होत्या! कोणी खाडीवर, कोणी बाजारात, कोणी अशा वाडीत जिथे रिक्षा सुद्धा जात नाही. कोणाच्या दारात पाणी मिळालं, कोणाच्या दारातून नवऱ्याने परत पाठवलं. एक शिक्षिका होती, तिला सगळं समजावायला लागलंच नाही, ती म्हणाली, "कधी यायचं सांगा." एकीने सही आधीच केली होती आणि ती डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "माका कोणी सांगूकच नाय गो." एकीला पटलं नाही, ती स्पष्ट म्हणाली, "माझ्या चेडवाचा लगीन आसा. माका भाव होयो." प्रभाक्काने तिला आशीर्वाद दिला आणि आम्ही उठलो.

साटमांच्या लेकींतली शालन कासरवळातच होती. नवऱ्याने टाकलेली, भावाच्या घरात एका खोलीत राहायची. तिच्या खोलीत आम्ही गेलो तर तिने आधी दार लोटून घेतलं.

"माका इचारू नको, नलू. मी सही केलंय. नाय केलं असतंय तर मी खय गेलं असतंय?"

"आम्ही तुका बोलूक येवक नाय," प्रभाक्का म्हणाली. "मशीन चढला तर फोन कर. एवढाच."

तिने मान हलवली. करेल असं मला वाटलं नव्हतं.

पाऊस ओसरला, घाटी सुकली, आणि एका सकाळी शालनचा फोन आला. कुजबुजत होती. "मशीन चढता हा."

मी प्रभाक्काला कळवलं, तिने पुढे. हे त्या दिवशी ड्युटीवर होते. मी रिक्षा केली आणि कासरवळच्या घाटीच्या तोंडाशी उतरले. चढताना खाली पाहिलं तर वाटेवर बायका दिसत होत्या. एकेक, दोघी दोघी, पदर बांधलेल्या. कोणाच्या हातात काही नव्हतं. पोयनाळच्या बाजूनेही येत होत्या, त्यांत आमच्या भावकीच्या नसलेल्याही, झऱ्याचं पाणी भरणाऱ्या. मला भीती वाटत होती ती तेव्हा गेली.

वर पोकलेन येऊन उभा होता. मागे चिरे कापायची मशीन लादलेला ट्रक. मुळीक होता, दादा होता, भावकीतले आणखी पाच-सहा जण. गवत पिवळं पडायला लागलं होतं, त्यातून चाकांचे चर उठले होते.

प्रभाक्का पोकलेनच्या पुढे गेली, पदराने कातळ झाडला आणि बसली. तिच्या शेजारी मी. मग एकेक करून सगळ्या.

मुळीक पुढे आला. आवाज अगदी मऊ. "ताई, असं करू नका. बहुतेक मालकांच्या सह्या आहेत माझ्याकडे. त्यांच्या हिश्श्यात काम चालू करतोय. तुमच्या हिश्श्याला हात लावणार नाही. शब्द देतो."

"बरा," मी म्हटलं. "मगे माझो हिस्सो खयचो ता दाखवा."

"म्हणजे?"

"वाटप झाला नाय हा. सडो सामाईक. माझो चिरो खयचो, दादाचो खयचो, ता दाखवा. माझे सोडून बाकीचे कापा. मी हय बसान बघतंय."

ड्रायव्हर हसला आणि चटकन तोंड वळवलं. मुळीक दादाकडे बघू लागला. दादाचा चेहरा लाल झाला होता. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"उठ नलू."

"नाय."

"लोकांसमोर माझी अब्रू काढतंस?"

"दादा, तू पण बस. हयच बस आमच्यावांगडा. मगे कोणाची अब्रू जावची नाय."

मला खरंच वाटलं होतं तो बसेल. एक क्षण तसा आलाही. त्याने कोंडीच्या बाजूला पाहिलं. मग मागून कोणीतरी त्याच्या नावाने ओरडलं, आणि तो ताठ झाला.

"ऐका सगळ्यांनी," तो म्हणाला. "जी आज हयसून उठाची नाय, तिका कासरवळात माहेर नाय. उंबरो बंद. गवरीक नाय, भावबीजेक नाय, मरणाक सुद्धा येव नको."

कोणी उठलं नाही. काही जणी रडत होत्या, पण बसून. मग घाटीच्या बाजूने कोणीतरी येताना दिसलं. शालन. तिचा भाऊ पुरुषांत उभा होता, तो ओरडला, "तू कित्याक इलंस? तुझी सही झाली हा!"

"सही दिलंय," शालन म्हणाली. "पाय देवक नाय." आणि येऊन माझ्यामागे बसली.

आम्ही दुपारभर बसलो. उन्हात कातळ तापला. पोयनाळच्या बायकांनी कळशीतून पाणी आणलं, पोकलेनच्या ड्रायव्हरलाही दिलं. संध्याकाळ व्हायच्या आत मशीन वळून घाटी उतरली.

ती पुन्हा चढली नाही, म्हणजे लगेच हार मानली असं नाही. मुळीक अजून दोनदा आला, एकदा पोलिसाला घेऊन. पण वाटप झाल्याशिवाय खोदता येणार नाही असं तहसीलदारांनीच सांगितलं, आणि वाटपाला आम्ही कोणी तयार नव्हतो. खाणवाले दुसरीकडे गेले. कोंडीची कड आम्ही बायकांनीच दगड-मातीने बुजवली. पहिल्या पावसाळ्यात ती गळली, दुसऱ्यांदा बुजवली, मग धरली. पायथ्याच्या गावांच्या ग्रामसभांनी एकेक करून ठराव केले: सड्यावर खोदायचं नाही, वणवा लावायचा नाही, कुंपण घालायचं नाही. बागमळ्याचा ठराव व्हायला तीन सभा लागल्या. नंतर कॉलेजची मुलं यायला लागली, गुडघ्यावर बसून फुलं बघायला. आता सरकारी कागदावरही सडा राखीव आहे. पडीक हा शब्द तिथून गेला. त्यालाही पंधराच्या वर वर्षं झाली.

शालनला भावाने त्याच आठवड्यात घराबाहेर काढलं. ती प्रभाक्काकडे राहिली, शेवटपर्यंत. दादा माझ्याशी आजतागायत बोललेला नाही. मी रस्त्यात दिसले तर तो बघतो, पण बोलत नाही. हे सगळं फुकटात मिळालं असं कोणी समजू नये म्हणून सांगते.

पण मला जी गोष्ट सांगायची ती त्याच वर्षीच्या भाऊबीजेची.

त्या दिवशी कोणाच्याच भावाने बोलावलं नाही. मी सकाळपासून घरात उगाच भांडी घासत होते. दहाच्या सुमाराला प्रभाक्काचा फोन. "काय करतंस? रडतंस? गप. तांदूळ घे नि वर ये."

"वर खय?"

"माहेराक."

आम्ही सड्यावर जमलो. कातळावर तीन चुली मांडल्या. कोणी वाटाणे आणले होते, कोणी सुकी मासळी. गवत आता पार सोन्यासारखं झालं होतं, आणि चुलीची ठिणगी उडू नये म्हणून शालन हातात ओला टहाळा घेऊन राखण बसली होती. शिक्षिका म्हणाली, ओवाळायचं कोणाला? प्रभाक्का म्हणाली, एकमेकींका ओवाळा, तेल वाया कित्याक घालवतास. आम्ही खूप हसलो. इतक्या सगळ्या जणी एकत्र अशा आम्ही लग्नाआधीही कधी बसलो नव्हतो.

पानं वाढली आणि घाटीच्या वाटेने सुनंदा वयनी येताना दिसली. नवी साडी, हातात पिशवी, डोक्यात अबोली. मी उठून उभी राहिले.

"तुमच्या दादान इचारल्यानी," ती जवळ येऊन म्हणाली. धाप लागली होती. "खालसून धूर दिसलो. कोणाक इचारून चुली पेटवलास, असा इचार म्हणाले."

"तेका सांग," मी म्हटलं, "सड्याच्या मालकांक इचारून."

"सांगतंय," वयनी म्हणाली. पण गेली नाही. पिशवी खाली ठेवली. "मी माझ्या माहेराक निघालंय. भावाक ओवाळूक."

तिचं माहेर वेलदुर्डे, खाडीपलीकडे. ते आम्हाला माहीत होतं.

"थयय सडो आसा," ती म्हणाली. तिने कोणाकडेच पाहिलं नाही, चुलीकडे बघत बोलत होती. "आमच्या सड्यापेक्षा मोठो. ह्योच मुळीक थय फिरता हा. भावान फोन केल्यान, येताना मतदान कार्ड घेवन ये म्हणालो. आम्ही चार बहिणी." मग माझ्याकडे वळली. "माका सांगा. पयला काय करूचा?"

प्रभाक्काने शेजारची जागा हाताने झाडली.

"पयला बस," ती म्हणाली. "पोटभर जेव. मगे जा, भावाक ओवाळ, लाडू खा, दोन शब्द बरे बोल. कागद पुढे केल्यान तर म्हण, मी एकदा बघून येतंय."

"आणि मगे?"

"मगे बहिणी खय खय दिल्यात ता सांग. आमका थय जावक गाडी मेळता काय ता बघतंव."

वयनी बसली. शालनने तिच्या पानावर भात वाढला.